सीलबंद मोबाईल

"हे बटण आपोआप उघडणार नाही कशावरून?" गिरिधरने विचारलं.

"साहेब, बटण हाये ते. दाबल्याशिवाय कसं उघडंल?" दुकानदार रामकिसन म्हणाला.

"आणि गर्दीत कोणी दाबलं तर?"

जालन्यात स्टेशनजवळच्या त्या मोबाईलच्या दुकानात गिरिधर पाऊण तासापासून उभा होता. मोबाईलची कवरं काउंटरवर पसरली होती आणि रामकिसनच्या कपाळावर आठ्या. बटणवालं बाजूला पडल्यावर त्याने चुंबकवालं काढलं. चुंबकाने फोनमधले नंबर पुसले जातात असं गिरिधरने ऐकलं होतं. कुणाकडून ते आठवत नव्हतं, पण एखाद्या गोष्टीबद्दल वाईट ऐकलं की ते खरं धरून चालायचं ही त्याची पद्धत होती. गळ्यात अडकवायच्या कवराची दोरी मागून कापता येते. पट्ट्याला लावायचं काळं रेक्झिनचं कवर म्हणजे तर चोराला दिलेलं आमंत्रणच. एक प्लास्टिकचं त्याला जरा बरं वाटलं. त्याने खिशातून टिपकागदाचा तुकडा काढून आत घातला, कवर बंद केलं आणि शेजारच्या हॉटेलातून मागवलेल्या पाण्याच्या ग्लासात बुडवून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. चार मिनिटांनी टिपकागद ओला निघाला.

"तुमाला कवर घ्याचंय का कवराची परीक्षा घ्याची?" रामकिसनने विचारलं.

"परीक्षा घेतल्याशिवाय मी काही घेत नाही."

"मंग ह्यो फोन कसा घेतला?"

गिरिधर पुढचं कवर उलटंपालटं करायला लागला. फोन रजनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला न विचारता घेतला होता.

गिरिधर एका बियाणे कंपनीत तपासणी विभागात होता. संशय घेण्याचा त्याला पगार मिळायचा, आणि हा माणूस पगाराला जागणारा होता. बाहेरचे लोक कंपनीची रिकामी पाकिटं पळवून त्यांत बोगस बियाणं भरतात, म्हणून संध्याकाळी गेटवर उभं राहून तो प्रत्येकाच्या पिशव्या तपासायचा. एकदा त्याने मॅनेजरचा जेवणाचा डबाही उघडायला लावला होता. आत कारल्याची भाजी निघाली. ती नेहमी कारल्याचीच असते का, याची त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्री करून घेतली.

फोनचं कारण मात्र खरोखरच मोठं होतं. त्याच्या मुलीला, नीलाला, अंबडचं चांगलं स्थळ आलं होतं. पाहण्याचा कार्यक्रम झाला. मुलाचे वडील श्रीपतराव निघताना म्हणाले, "मंगळवारी अंगारकी आहे. सकाळी अकराला फोन करतो अन् काय ते सांगून टाकतो. फोन तेवढा लागला पाहिजे बरं का. मागच्या स्थळवाल्यांनी ऐन वेळेला फोनच बंद ठेवला होता. तेव्हापासून फोन लागला नाही की आम्ही ते स्थळ सोडूनच देतो."

गिरिधरच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या प्रभावतीबाईंकडे होता, पण त्यांच्या फोनवर लग्नाचं बोलायचं म्हणजे गल्लीत दवंडी दिल्यासारखं होतं. म्हणून रजनीने मोबाईल आणला आणि नंबर अंबडला कळवला. अडचण एकच होती. चांगलं स्थळ आलं तर 'हे' अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी येतील, असा नवस रजनी बोलून बसली होती. नवस तिचा आणि पाय गिरिधरचे.

"पुढच्या चतुर्थीला जाऊ का?" त्याने विचारून पाहिलं होतं.

"देवाला काय पुढची तारीख देता?" रजनी म्हणाली होती.

तेव्हा पंचवीस किलोमीटर चालायचं, हजारो लोकांच्या गर्दीत, घामात, धुळीत, आणि जूनचं आभाळ डोक्यावर. आणि फोन कोरडा, धड आणि जवळ राहिला पाहिजे. रामकिसनच्या दुकानातलं एकही कवर या कामाचं नव्हतं. गिरिधर तसाच ऑफिसला गेला आणि जागेवर बसता बसता त्याची नजर समोर पडलेल्या पाकिटावर गेली.

'गोदा-९' या कपाशीच्या वाणाचं ते पाकीट होतं. आतून चंदेरी, बाहेरून बोंडाचं रंगीत चित्र. त्याने स्वतः शंभरदा तपासलेलं. ओल जात नाही, धूळ जात नाही, आणि मशीनवर तोंड बंद केलं की फाडल्याशिवाय उघडत नाही. कुणी फाडलंच तर लगेच कळतं. शिवाय बियाण्याच्या पाकिटात मोबाईल असेल अशी शंका कुणाच्या बापाला येणार नाही. त्याला आपलाच अभिमान वाटला.

रिकामं पाकीट घरी न्यायची बंदी होती आणि ती त्यानेच घातली होती. सोमवारी संध्याकाळी त्याने रजिस्टरमध्ये 'चाचणीसाठी एक' असं लिहिलं, मोबाईल पाकिटात घालून मशीनवर तोंड बंद केलं आणि खरोखरच चाचणी घेतली. बादलीत अर्धा तास बुडवलं. टेबलावरून तीनदा पाडलं. पाकिटावरूनच बटण दाबून घंटीचा आवाज वाजवून पाहिला. तो बाहेर ऐकू येत होता. म्हणजे फोन आला की वरूनच बटण दाबायचं, बोलायचं, काम झालं. बाहेरून फोन लावून पाहायचं तेवढं राहिलं. ऑफिसच्या फोनवरून खासगी फोन करू नयेत अशी लेखी तक्रार त्यानेच केली होती, आणि सहकाऱ्यांच्या मोबाईलवरून लावावा तर आपला नंबर त्यांच्याकडे राहतो. गेटवर त्या दिवशी त्याची पिशवी कुणी तपासली नाही, कारण तपासणारा तोच होता. पाकीट त्याने शर्टाच्या आत, पोटाला पंच्याने बांधलं होतं.

पहाटे साडेचारला तो निघाला. रस्ता माणसांनी भरला होता. 'मोरया'च्या घोषात गिरिधर दर दोन मिनिटांनी पोट चाचपत होता. उजाडलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की एक माणूस बराच वेळ आपल्या बरोबरीने चालतोय. पन्नाशीचा, जाड मिशा, पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल. गिरिधरने पाय उचलला की तोही उचलायचा, गिरिधर थांबला की त्याच्या पायात खडा जायचा.

"पोटात दुखून राह्यलं का?" तो माणूस म्हणाला.

"नाही."

"सारखं हात लावून राह्यले म्हणून म्हणलं. नाव काय म्हणलं तुमचं?"

नाव सांगितलेलंच नव्हतं. गिरिधर सावध झाला. "कारभारी," तो म्हणाला.

"असं का. मी साहेबराव. गुळाचा व्यापार हाये आपला."

"गूळ कुठला?"

साहेबरावने जरा विचार केला. "गोडच असतो," तो म्हणाला.

गिरिधरची खात्री पटली. हा चोर आहे, आणि तोही नवशिका नाही. असे लोक आधी गोड बोलून माहिती काढतात. मग त्यानेही ठरवलं की या माणसाला एक खरा शब्द सांगायचा नाही.

"नोकरी करता का धंदा?"

"रसवंती आहे."

"मोबाईल आसंल मंग. धंद्याला लागतो."

"आपल्याला कुठला मोबाईल."

"लेकरंबाळं?"

"एक मुलगा. तोही ऐकत नाही."

"अन् पोरगी?" साहेबराव थांबलाच. "एखादी पोरगी आसंल की."

"देवाने दिली नाही," गिरिधर म्हणाला. ज्या मुलीच्या लग्नासाठी देवाकडे निघालो, त्याच देवाच्या वाटेवर तिला नाही म्हटलं. त्याने साहेबरावची नजर चुकवून दोन्ही कान धरले. साहेबराव बाजूला जाऊन आपल्या मोबाईलवर हलक्या आवाजात बोलायला लागला. मधून मधून तो गिरिधरकडे बघत होता. साथीदारांना बोलावतोय, गिरिधरने ओळखलं.

दहाच्या सुमारास रस्त्याकडेला उपवासाच्या खिचडीचं वाटप चाललं होतं. टँकरच्या तोटीवर लोक हातपाय धूत होते. गिरिधर तोंडावर पाणी मारायला वाकला, शर्ट वर सरकला आणि पंच्यातून पाकिटाचा कोपरा बाहेर आला. बोंडाचा कोपरा. नेमकं तोटीशी मच्छिंद्र नावाचा शेतकरी उभा होता. त्याने गेले चार दिवस याच वाणासाठी जालन्यात रांग लावली होती आणि चारही दिवस 'माल संपला' हेच ऐकलं होतं.

"थांबा," मच्छिंद्र म्हणाला. "हे काय हाये?"

"काही नाही."

"काही न्हाई कसं? गोदा-नऊ हाये. दुकानात माल न्हाई, अन् तुमच्या पोटाला कसा?"

लोक जमले. चार दिवस रांगेत काढलेले त्यात बरेच होते. पाकीट हातोहात बाहेर आलं. मच्छिंद्रने ते दाबून पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"बियाणं बी न्हाई ह्याच्यात. दगड हाये. बोगस माल हाये ह्यो."

"दगड नाही, मोबाईल आहे," गिरिधर म्हणाला. "माझा मोबाईल आहे तो."

"मघाशी तर मोबाईल न्हाई म्हणले," मागून साहेबराव म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. मी नंबर सांगतो, कोणीही लावून पाहा. आत वाजेल." त्याने नंबर सांगायला सुरुवात केली. शेवटचे तीन आकडे त्याच्या तोंडातच होते, तोवर साहेबरावने फोन कानाला लावलेला होता. गिरिधर एक पाऊल मागे सरला. याला आपला नंबरही ठाऊक आहे.

सगळे पाकिटाला कान लावून उभे राहिले. पाकीट शांत होतं. साहेबरावने आपला फोन सगळ्यांना ऐकवला. एक बाई गोड आवाजात सांगत होती की आपण संपर्क करू इच्छित असलेला ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

"ग्राहक तर इथंच हाये," मच्छिंद्र म्हणाला, आणि लोक हसले.

गिरिधर हसला नाही. त्याला आत्ता उमजलं. त्याने जे चंदेरी अस्तराचं पाकीट निवडलं होतं ते ओल अडवत होतं, धूळ अडवत होतं आणि फोनही अडवत होतं. पहाटेपासून एकही फोन आत गेलेला नव्हता. सव्वादहा झाले होते. पाऊण तासाने श्रीपतराव नंबर लावतील, हीच बाई त्यांना हेच सांगेल, आणि नीलाचं स्थळ मोडेल. तो रडवेला झाला. "फाडा हो ते. आत्ताच्या आत्ता फाडा. मी हात जोडतो."

पण मच्छिंद्र शहाणा माणूस होता. "फाडाचं बिलकुल न्हाई. फाडलं की उद्या तुमीच म्हणसाल, आमचं न्हाई. कृषी खात्याचे साहेब आज राजूरला दुकानं तपासून राह्यले. पंचासमोरच फोडू."

तपासणी विभागात वीस वर्षं काढलेल्या गिरिधरने नकळत मान डोलावली. नियम तसाच होता. पुढचे पाच किलोमीटर तो दहा-बारा जणांच्या घोळक्यात चालला. पुढे पाकीट दोन्ही हातांवर धरलेला मच्छिंद्र, मागे साहेबराव. वाटेतल्या काहींनी हा काहीतरी मोठा नवस समजून पाकिटाला नमस्कारही केला. अकरा वाजले तेव्हा राजूरचं मंदिर नुसतं लांबून दिसत होतं. गिरिधरने तिथूनच देवाची माफी मागितली. नवसाची नाही, मुलीला नाही म्हटल्याची.

कृषी खात्याचे साहेब मंदिराजवळच्या एका कृषी केंद्राच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी पाकीट उलटंपालटं केलं. "लॉट नंबर नाही. चाचणीची तारीख नाही. बोगसच आहे."

"बरोबर आहे साहेब," गिरिधर कळवळून म्हणाला. "तुमच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं. पण लवकर उघडा."

"दोन पंच लागतील."

मच्छिंद्र पुढे झाला. दुसरा पंच म्हणून साहेबराव इतक्या घाईने पुढे आला की गिरिधरला पुन्हा शंका आली. साहेबांनी कात्री घेतली.

"वरून नका कापू," गिरिधरच्या तोंडून निघून गेलं. "वरचं सील पुरावा म्हणून ठेवायचं असतं. खालून कापा."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बोगस बियाणं विकणारा इतका नियमाने वागताना कुणी पाहिला नव्हता. साहेबांनी खालून कापलं आणि मोबाईल ओट्यावर पडला. कोरडा ठाक, धुळीचा कण नाही. गिरिधर पुढे झाला तसा साहेबांनी त्याचा हात अडवला, कारण पंचनामा व्हायचा होता. तेवढ्यात मोबाईल वाजला. साहेबांनीच उचलला.

"हॅलो. कृषी खातं. कोण श्रीपतराव?... कोणाचे वडील?... मुलगी?" त्यांनी गोंधळून फोन गिरिधरकडे दिला. "तुमच्याकडचं काहीतरी आहे."

"अकरापासून लावतोय," श्रीपतरावांचा आवाज बाहेरच्या सगळ्यांना ऐकू येत होता. "लागत नाही. अन् वर असं कळलं की तुमची रसवंती आहे, अन् तुम्हाला मुलगीच नाही. मग आम्ही पाहिली ती कोण होती?"

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आमच्या मेव्हण्याने. मुलाचे मामा ते. तुम्ही नवसाला पायी जाणार हे तुमच्या घरूनच कळलं होतं, म्हणून तुम्ही माणूस कसे, ते बघायला तुमच्या दारापासून तुमच्यासंगं चालायला पाठवलं होतं. चौकशी तर करावीच लागते ना."

गिरिधरने सावकाश मान वळवली. साहेबराव टॉवेलने मिशा पुसत मंदिराच्या कळसाकडे बघत होता.

"तुम्ही गुळाचे व्यापारी ना?" गिरिधर म्हणाला.

"अन् तुमी कारभारी ना?" साहेबराव म्हणाला.

"मला वाटलं तुम्ही मोबाईल चोरायला मागे लागलात. म्हणून खोटं बोललो. सगळं खोटं बोललो. मला मुलगी आहे, एकच आहे, आणि तिच्यासाठीच चालत आलो." शंभर माणसं बघत होती, पण त्याला त्याचं काही वाटेना. "तिचं यात काही नाही. माझ्या संशयी स्वभावापायी तिचं मोडू नका."

साहेबरावने टॉवेल खांद्यावर टाकला. मग त्याने गिरिधरच्या हातातला फोन घेतला. "दाजी, मी बोलतो. माणूस बराबर हाये. पहाटीपासून ह्याला पिळून राह्यलो, एक खरा शब्द भाईर आला न्हाई. आपल्या घरातली गोष्ट ह्याच्या तोंडून गावात जाणार न्हाई. मला तर पसंत हाये." त्याने पलीकडचं ऐकलं आणि मान हलवली. "दाजी हो म्हणाले."

आनंद गिरिधरच्या मनात आला, पण तिथे आधीपासून बसलेल्या संशयाने त्याला जागा दिली नाही. इतक्या लवकर हो? मुलात काही खोट तर नाही? "घरी गेल्यावर बदलणार नाही ना?" तो म्हणाला.

"आमी न्हाई बदलणार. तुमचाच काय भरोसा? उद्या म्हणसाल, पोरगी न्हाई." साहेबरावने समोरच्या पूजेच्या दुकानातून सुपारी घेतली. "इथंच सुपारी फोडून टाकू. पंच बी हायेत."

"मी बियाणाचा पंच हाये," मच्छिंद्र म्हणाला. तो कापलेलं रिकामं पाकीट हातात घेऊन उभा होता आणि खरा निराश तोच झाला होता.

"परवा कंपनीत या, मी बघतो," गिरिधर त्याला म्हणाला.

"समदेच म्हणतात बघतो."

"माझं नाव विचारा. गिरिधर. या वेळी खरं सांगतोय."

साहेबरावने सुपारी ओट्यावर ठेवली, दुकानदाराकडून अडकित्ता मागून घेतला, लोक पुढे सरकले, आणि मोबाईल पुन्हा वाजला. प्रभावतीबाईंच्या घरचा नंबर होता. रजनी होती.

"सकाळपासून लावून राह्यले, लागेना. कुठे होतात? श्रीपतरावांचा फोन आला का?"

"आला. नीलाचं ठरलं."

पंचवीस वर्षं त्याच्याशी संसार केलेली बाई होती ती. "तुमच्या बाजूला कोण आहे? त्यांना फोन द्या आधी," ती म्हणाली.

साहेबरावने फोन घेऊन सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं, गणपतीची शपथ घेतली, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. फोन परत गिरिधरकडे आला तो नीलाचा आवाज घेऊन.

"बाबा, सुपारी फोडली का?"

"फोडतोच आहोत. मामांच्या हातात अडकित्ता आहे."

"थांबवा त्यांना. तुम्ही त्यांची चौकशी केली, त्यांनी तुमची केली. माझी चौकशी अजून कुठे झालीय?"

"तुझी? तू तर मुलगा पाहिलास की."

"पोहे देताना. तेवढ्यात काय कळतं? पुढच्या चतुर्थीला त्याला म्हणावं, जालन्याहून राजूरपर्यंत माझ्यासंगं चाल. तिथं पोचल्यावर मी काय ते सांगते."

गिरिधरचे कान तापले. समोर मुलाचा मामा, भोवती गाव, ओट्यावर सुपारी, आणि पोरगी असलं बोलते. पण खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटलं. इतकी वर्षं प्रत्येक पाकीट तपासणाऱ्या माणसाने मुलीला मात्र न विचारताच सील लावायला घेतलं होतं. त्याने साहेबरावला तिचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. एकही शब्द बदलला नाही.

साहेबरावने अडकित्ता मिटला. "पोरगी तुमचीच हाये," तो म्हणाला. "ह्याच्यात बिलकुल शंका न्हाई." मग सुपारी सदऱ्याच्या खिशात टाकत त्याने विचारलं, "विचारा तिला, मी मागून मागून आलो तर चालंल का?"

गिरिधरने विचारलं.

"मामा नकोत," नीला म्हणाली. "आणि बाबा, तुम्हीपण नको."